चर्चमधली शनिवारची मैफल: सोलापुरात नीट बसून गाणं ऐकायचं असेल तर इथं जा

सरळ सांगते. सोलापुरात पैसे न मोजता, भाषणं न ऐकता, एखाद्याचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत निवांत ऐकायला मिळेल अशी मला माहीत असलेली जागा सध्या एकच, आणि ती म्हणजे आमच्या स्टेशनकडच्या भागातलं जुनं चर्च. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला तिथं प्रोग्राम असतो, गेली काही वर्षं चालूय, पण बाहेर फ्लेक्स लावत नाहीत त्यामुळं रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या लोकांनाही पत्ता नसतो, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आधी हे कोण चालवतं ते सांगते. इव्हेंटवाले कुणी नाहीत, स्पॉन्सर नाही. चर्चचा तरुण संघ, महिला मंडळ आणि आसपासची काही माणसं, त्यातली बरीच जण तर चर्चची सभासदही नाहीत. साउंडवर बसणारा पोरगा इंजिनिअरिंगला आहे, खुर्च्या लावणारे दोघं पॉवरलूमवर कामाला जातात, दारात उभ्या असतात त्या ताई शाळेत शिकवतात, गाड्या लावून घेणारे काका रेल्वेतून रिटायर झालेत. पगार कुणालाच नाही. खर्चासाठी निघायच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवलेली असते, ज्याला वाटेल त्यानं टाकावं, कुणी बघत नाही, आणि पुढच्या महिन्यात नोटीस बोर्डावर हातानं लिहिलेला कागद लागतो, पेटीत किती जमले, माइकच्या वायरीला किती गेले, कलाकारांच्या रिक्षाला किती, चहा-साखरेला किती, शिल्लक किती. मी स्वतः अकाउंट्सचं काम करते, असला कागद दिसला की उभी राहून पूर्ण वाचतेच, आणि खरंच सांगते, बेरीज चोख असते. आपल्याकडं किती मंडळं वर्गणी घेतात आणि किती जणांचा हिशोब असा भिंतीवर लागतो, तुम्हीच आठवून बघा.

आता गाण्याकडं येते. इथं नावाजलेले कलाकार येत नाहीत. ते हुतात्मा स्मृती मंदिरात येतात, पुण्या-मुंबईहून, तिकीट असतं, छान असतं, मीही जाते. इथं गातात ते आपलेच लोक, ज्यांचं गाणं आपण लग्नात, सप्त्यात, गणपतीत, गर्दीत, अर्धवट कानानं ऐकलेलं असतं. सोलापूर म्हणजे चार भाषांचं गाव, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलं की भाषा बदलते आणि गाणंही बदलतं, पण एका गल्लीतला माणूस दुसऱ्या गल्लीतलं गाणं बसून ऐकतोय असं फार कुठं होत नाही. या चर्चमध्ये ते होतं आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त अप्रूप आहे.

एका शनिवारी बाळीवेशीकडच्या वयस्कर मंडळींनी वचनं, म्हणजे कन्नडमधली छोटी भक्तिपर पदं, गायली. सिद्धरामेश्वरांची वचनं. आपण सगळे गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला जातो, नंदीध्वज बघतो, तळ्यातल्या मंदिरात जातो, पण सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले कन्नड वचनकार होते आणि त्यांचा स्वतःचा शब्द आजही गाता येतो हे माझ्यासारख्या मराठी घरातल्या बाईला कधी कुणी ऐकवलंच नव्हतं. प्रत्येक वचनाच्या आधी एक मुलगी दोन वाक्यात मराठीत अर्थ सांगायची, दोनच वाक्यं, त्याच्यावर नाही, आणि मग गाणं. वचनाच्या शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी त्यांची मुद्रा येते, आपल्याकडं अभंगात ‘तुका म्हणे’ येतं तशी, आणि पहिल्या दोन वचनांनंतर ती कुठं येणार हे सगळ्यांना कळायला लागलं, तिसऱ्यापासून मागच्या बाकावरचे लोकही ते शब्द हळू आवाजात म्हणायला लागले. त्यात चर्चचे लोक होते, माझ्या शेजारी हिजाबमधली कॉलेजची मुलगी होती, मी होते. सोन्नलगीचा, म्हणजे जुन्या सोलापूरचा संत, गाणारे लिंगायत, हॉल ख्रिस्ती लोकांचा. आपलं गाव नेमकं कसं आहे ते त्या अर्ध्या तासात मला जेवढं कळलं तेवढं कधी कळलं नव्हतं.

नवरात्राच्या सुमाराला पूर्व भागातल्या तेलुगू बायका आल्या होत्या, बतुकम्माची, म्हणजे त्यांच्या फुलांच्या सणाची गाणी घेऊन. ती आत झाली नाहीत, अंगणात झाली, कारण ती गोल फिरून टाळ्या वाजवत म्हणायची असतात आणि बाकांच्या मधे फिरायला जागा नाही. मधे फुलांची उतरंड रचली, लिंबाच्या झाडाखाली, एक बाई ओळ म्हणणार आणि बाकीच्या उचलणार, साधी चाल, तीच तीच परत येणारी, पण दहा मिनिटं झाली की अंगात भिनते. शेवटच्या गाण्याला चर्चच्या महिला मंडळातल्या बायका पण गोलात शिरल्या, कुणी बोलावलं नव्हतं, त्यांनाच राहवलं नसणार.

आत काय करायचं आणि अंगणात काय, यावर ही मंडळी खूप विचार करतात आणि मला वाटतं तिथंच हे बाकी प्रोग्रामपेक्षा वेगळं पडतं. चर्चची इमारत दगडी, छत उंच, खाली शहाबादी फरशी, रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली की आवाज किती तरी वेळ घुमत राहतो. एकट्या गळ्याला किंवा व्हायोलिनला हे घुमणं फार शोभतं, सूर सोडला तरी मागं रेंगाळतो, साधा गळा पण भरदार वाटतो. पण तबल्याची मात्र वाट लागते, एक बोल विझायच्या आत दुसरा येऊन त्याच्यावर बसतो, द्रुत लय असली की नुसता गोंगाट. आणि पोवाड्याचं तर विचारूच नका. एकदा शाहीर मंडळी आली होती, सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ आणि त्यानंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवरचा पोवाडा, आतमध्ये चाचणी घेतली तर डफ आणि झांज यांच्यात शब्दच कळेनात, तर या पोरांनी ऐन वेळी सगळा कारभार अंगणात हलवला, सतरंज्या, खुर्च्या, माइक सगळं, आणि बरोबर साडेसहाला सुरू केलं. बाहेर शब्द न् शब्द कळला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१, येरवडा. ही नावं आपण चौकातल्या पुतळ्याखाली वाचतो आणि सिग्नल सुटला की पुढं जातो. त्या दिवशी प्रत्येक नावाला शाहीर थांबत होते आणि अंगणात चिडीचूप होतं.

तर तबल्याचं काय करतात ते सांगते, कारण हे मला भयंकर आवडलंय. मागच्या भिंतीवर आणि दोन्ही बाजूच्या भिंतींवर सोलापुरी चादरी टांगतात. शोभेला नाही, आवाजासाठी. आपल्याच कॉटनच्या जाड जॅकार्ड चादरी, मोरवाल्या, पट्ट्यावाल्या, ओळखीच्या एका कारखानदारांनी दिलेल्या. प्रोग्रामच्या आधी बांबूला अडकवून लावतात आणि संपलं की घड्या घालून डांबराच्या गोळ्या टाकून पेटीत. मी जवळ जाऊन बघितलं तर चादर भिंतीला चिकटलेली नव्हती, वीतभर अंतर सोडलेलं, आणि ताणलेली पण नव्हती, पडद्यासारख्या चुण्या ठेवलेल्या. साउंडवाल्या पोराला विचारलं तर त्यानं फार छान समजावलं. म्हणाला, भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही, तिथं कापड लावून फारसा उपयोग नाही, थोडं पुढं टांगलं की आवाज जाताना पण कापडातून जातो आणि भिंतीवर आपटून येताना पण, दोनदा अडतो. चुण्या ठेवल्या की तेवढ्याच भिंतीवर जास्त कापड मावतं. पण हे सगळं बारीक आवाजाचं, टाळ, तबल्याच्या काठावरचा ‘ना’, बोलण्यातला ‘स’, हे चादर पिते, डग्ग्याचा खालचा घुमारा तिला ऐकत नाही, म्हणून डग्ग्याजवळचा माइक ते अगदी कमी ठेवतात, कधी लावतच नाहीत. आणि लोक भरले की माणसं पण आवाज पितात, त्यामुळं रिकाम्या हॉलमध्ये केलेली चाचणी तशीच्या तशी धरायची नसते.

हे त्याला कुठून सुचलं तर अमेरिकेत हार्वर्डला वॉलेस सॅबिन म्हणून प्रोफेसर होते, १८९५ मध्ये तिथल्या एका लेक्चर हॉलमध्ये आवाज इतका घुमायचा की शिकवलेलं कळायचं नाही, तर त्यांनी शेजारच्या थिएटरच्या सीटवरच्या गाद्या रात्री उचलून त्या हॉलमध्ये आणून ठेवल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते घड्याळ लावून मोजलं, सकाळच्या आत गाद्या परत. त्यातूनच पुढं सभागृहाचा आवाज हिशोबानं बांधायचं शास्त्र उभं राहिलं. आमच्या पोरानं गादीच्या जागी चादर घेतली. सोलापुरात दुसरं काय घेणार! त्याला मी तिथंच सांगितलं, बाबा रे, तू हे कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून दे.

दुसरी जवळून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे कोपऱ्यातली पायपेटी. जुन्या संगीत नाटकाच्या लोकांना माहीत असेल, पायानं भाता हलवायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे, तोच तो ऑर्गन. आपल्याकडं पेटी म्हटलं की भजन, कीर्तन, तमाशा सगळं डोळ्यासमोर येतं, पण हे वाद्य आलं युरोपातून, १८४२ मध्ये पॅरिसच्या दबाँ नावाच्या माणसानं त्याचं पेटंट घेतलं, मिशनरी लोकांनी चर्चसाठी इकडं आणलं, आणि मांडी घालून बसून एका हातानं भाता मारत वाजवायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमाराला केली. म्हणजे देवळातली पेटी आणि चर्चमधली पायपेटी एकाच घरातल्या. या चर्चमधली किती तरी वर्षं बंद पडून होती, भात्याचं कापड फाटलेलं, आतलं नमदं, म्हणजे जाड लोकरी कापड, उंदरांनी खाल्लेलं. ती दुरुस्त केली पॉवरलूमवरच्या त्या दोघांपैकी एकानं. त्यानं आयुष्यात कधी ऑर्गन उघडला नव्हता पण लूमवरचं जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, उघडून बसवणाऱ्या माणसाला दोऱ्या, तारा, स्प्रिंगा यांची भीती नसते. तो म्हणाला की आधी वाटलं भाता हवा बाहेर ढकलत असेल, मग लक्षात आलं की ही पेटी हवा आत ओढून वाजते, म्हणून फट कुठं आहे ते शोधायला त्यानं उदबत्ती लावून धूर कुठं ओढला जातो ते बघितलं. रबर लावलेलं कापड, फेव्हिकॉल, नवीन नमदं, पितळी सुरांवरची धूळ ब्रशनं एक एक करून काढली. आता वाजते. दोन सूर अजून जरा कणसूर आहेत, पण आवाज मात्र असा मायाळू की इलेक्ट्रिक कीबोर्डला तो कधी येणार नाही.

चर्चच्या स्वतःच्या गाण्यांबद्दल पण लिहिलंच पाहिजे कारण बऱ्याच लोकांची समजूत असते की तिथं इंग्रजी गाणी असतील. ना. वा. टिळकांची भजनं ऐका एकदा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले पण कवी ते आपल्या मातीतलेच राहिले, अभंग, ओवी, पदं, टाळ-चिपळ्यांवर म्हणायच्या चाली, डोळे मिटून ऐकलं तर वारीतला माणूस पण मान डोलावेल. एकदा नगरकडचे एक कीर्तनकार आले होते, ख्रिस्ती कीर्तन करायला. ही परंपरा एकोणिसाव्या शतकातली आहे, नगर भागात सुरू झाली, पूर्वरंग, उत्तररंग, मागं साथीला ओळ उचलणारे झिलकरी, सगळं आपल्या कीर्तनासारखं आणि आख्यान बायबलमधलं, उधळ्या पुत्राची गोष्ट. बाप पोराला लांबून येताना बघतो आणि धावत सुटतो, तिथं कीर्तनकारांनी पेटी थांबवली आणि नुसते चालत चालत ओवी म्हटली. माझी सासू पंढरीची माळकरी आहे, तिच्या डोळ्यातून पाणी आलं. घरी आल्यावर म्हणाली, गोष्ट त्यांची असू दे गं, बाप सगळ्यांचा तसाच असतोय.

हो, आणि तो प्रश्न येणारच म्हणून आधीच लिहिते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या भावानं फोन करून विचारलं होतं, तू चर्चमध्ये काय करलालीस? आमच्या सोसायटीतही कुजबुज झाली. तर बघा, प्रोग्रामच्या सुरुवातीला पाळकसाहेब उभे राहून ‘सगळ्यांचं स्वागत, मोबाइल बंद करा, पाणी डाव्या बाजूला आहे’ एवढं बोलतात आणि मागच्या बाकावर जाऊन बसतात. पत्रकं वाटत नाहीत, नाव-पत्ता लिहून घेत नाहीत, प्रार्थनेला या म्हणून मागं लागत नाहीत. त्यांची उपासना रविवारी सकाळी, ती वेगळी. शनिवार गावाचा. माझ्या भावाला मी नेलं एकदा, आता तो मला न विचारता जातो.

आता माझ्या मनातलं. माझी आई भजनी मंडळात आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या सांस्कृतिक कार्यक्रमात त्यांना बोलावलं होतं, कुठला ते लिहीत नाही. या बायका नऊवारी नेसून, गजरे घालून सात वाजता जाऊन बसल्या. प्रमुख पाहुणे उशिरा आले, मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, शाल, नारळ, परत सत्कार, मग भाषणं, आणि रात्री उशिरा यांना सांगितलं की एकच अभंग म्हणा, तो पण लवकर आटपा. अर्ध्या अभंगात लोक उठून जेवणाकडं गेले. आई घरी येऊन काही बोलली नाही, टाळ कपाटात ठेवले आणि दोन महिने प्रॅक्टिसला गेली नाही.

त्याच मंडळाला या चर्चनं बोलावलं. आधी दोन जण घरी येऊन गेले, पट्टी कोणती, किती जणी, खाली बसणार की खुर्चीवर, मधे पाणी लागतं का, हे सगळं विचारून वहीत लिहून घेतलं. मंडळ काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून म्हणतं तर पायपेटीवाल्या मावशींनी त्या पट्टीत आठवडाभर सराव केला आणि एका गौळणीला साथ केली. पंचेचाळीस मिनिटं पूर्ण दिली. हॉलमध्ये कुणी उठलं नाही, पोरं रडली तर आया त्यांना घेऊन अंगणात गेल्या, टाळ्या गाणं संपल्यावर पडल्या, मधेच नाही. आणि सत्कार नाही म्हणजे नाही, तो त्यांचा नियमच आहे, शाल नाही, नारळ नाही, स्टेजवर खुर्च्या मांडून पाहुणे बसवणं नाही. एकदा कुणीतरी पुढारी आले होते म्हणे, त्यांना पण बाकावर बसवलं आणि ते बसले, शेवटपर्यंत ऐकून गेले. कलाकाराला पाकीट देतात, छोटंसं असतं, पण हातात देतात, येण्याजाण्याच्या रिक्षाचे पैसे वेगळे. आईनं ते पाकीट अजून देवघरात ठेवलंय. आमच्या सोलापुरात गाणारे-वाजवणारे कमी कधीच नव्हते, शाहीर रामजोशींचं गाव आहे हे, कमी आहे ती ऐकून घेणारी जागा, आणि ती या लोकांनी स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी राबून तयार केलीय. यासाठी मी त्यांना पाच काय दहा स्टार दिले असते.

पण अर्धा कापलाय आणि तो मनापासून कापलाय, कारण हे सुधारण्यासारखं आहे.

एक म्हणजे पायऱ्या. मुख्य दाराला उंच दगडी पायऱ्या आहेत आणि रॅम्प नाही. आमच्या शेजारचे आजोबा व्हीलचेअरवर आहेत, त्यांना चार पोरं उचलून आत नेतात, प्रेमानं नेतात, पण आजोबांना ते आवडत नाही, दुसऱ्यांदा यायला तयार होत नाहीत. बाजूच्या दाराला दोनच पायऱ्या आहेत, तिथं लोखंडी चेकर प्लेटचा उचलता येणारा रॅम्प करून ठेवला तरी भागेल, एमआयडीसीत कुणीही बनवून देईल. मी सांगितलंय, पंचांच्या मीटिंगमध्ये विषय घेतो म्हणालेत.

दुसरं ऊन. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी आत उष्णता सोडत बसतो. पंखे लावले की जुन्या पंख्यांची घरघर सगळ्या माइकमध्ये येते, बंद केले की लोक वहीनं वारा घेत बसतात. कोरड्या उन्हात तबल्याची शाई-पुडी ताणून सूर चढतो तर तबलेवाले काका दोन गाण्यांच्या मधे हातोडी घेऊन तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत बसतात, आणि तिकडं गिटारच्या तारा गरमीनं ढिल्या होऊन सूर उतरलेला असतो, म्हणजे दोघं दोन दिशेला. माझं स्पष्ट मत आहे की उन्हाळ्यातले दोन महिने सगळंच अंगणात घ्यावं, सात-सव्वासातला सुरू करावं. लाउडस्पीकर तसाही रात्री दहानंतर चालत नाही, २००० सालच्या नियमापासून, आणि हे लोक तर नऊलाच बंद करतात, मग अर्धा-पाऊण तास पुढं ढकलायला काय हरकत आहे. त्यांचं म्हणणं की बाहेर रस्त्याच्या हॉर्नचा त्रास होतो. ते पण खरं आहे. पण घामानं डबडबून ऐकण्यापेक्षा मला हॉर्न परवडेल.

तिसरं म्हणजे माहितीच मिळत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप भरलेला आहे, नवीन माणूस घेता येत नाही, आणि बोर्ड आतल्या बाजूला. निदान गेटवर एक फळा लावा ओ, खडूनं लिहा या महिन्यात कोण गाणार ते. फ्लेक्स नको हे मला पटतं, फळा तर चालेल.

चहाबद्दल दोन ओळी नाही लिहिल्या तर पाप लागेल. प्रोग्राम संपल्यावर महिला मंडळाचा चहा असतो आणि त्याच्याबरोबर कधी चुरमुऱ्यांची सुशीला, कधी उप्पीट. सुशीला अशी मोकळी आणि वरून दाण्याचं कूट सढळ हातानं, ती खाताना गाणारे आणि ऐकणारे एकाच टेबलाशी उभे असतात, त्यामुळं तुम्ही सरळ जाऊन त्या वचन म्हणणाऱ्या आजोबांना विचारू शकता की ही चाल कुणाकडून शिकलात. ते सांगतात, अर्धा तास सांगतात. माझ्या मुलीला तिथंच टेनर आणि बास, म्हणजे पुरुषांचा वरचा आणि खालचा आवाज, म्हणजे काय ते कळलं, क्वायरमधल्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातल्या एका दादानं कप हातात धरून तिला सा, ग, प वेगवेगळ्या तिघांकडून एकदम म्हणवून दाखवलं. आपल्या गाण्यात सगळे एकाच सुरात मिसळतात, यांच्या चार आवाजांत प्रत्येकाचा सूर वेगळा आणि तरी ते भांडत नाहीत, हे पुस्तकात वाचून समजत नाही, शेजारी उभं राहून ऐकलं की लगेच समजतं. ती आता दर बुधवारी क्वायरच्या प्रॅक्टिसला बसते, नुसती ऐकायला, फळ्यावर सरगममध्ये लिहून ठेवलेलं असतं ते वहीत उतरवते.

जाणार असाल तर थोडं कामाचं. सव्वासहापर्यंत पोचा, साडेसहा म्हणजे साडेसहाच, नळाला पाणी यायचा दिवस असला तरी थांबत नाहीत. बसायला डाव्या बाजूचे मधले बाक घ्या, तिथं चादरींमुळं आवाज सगळ्यात स्वच्छ येतो, अगदी पुढं बसलात तर स्पीकर कानावर येतो आणि अगदी मागं दाराचा आवाज. टू-व्हीलर आत लागते, कार आणू नका, गल्ली अरुंद आहे. लहान मुलं चालतात. पेटीत जमेल तेवढं टाका, नाही टाकलं तरी कुणी काही म्हणत नाही. स्वतः गात-वाजवत असाल तर व्हिडिओ पाठवत बसू नका, प्रोग्राम संपल्यावर दारातल्या ताईंना भेटा, त्यांच्याकडं वही असते, नाव आणि काय वाजवता ते लिहून घेतात आणि नंबर आला की खरंच फोन करतात, आमच्या कॉलनीतल्या बासरी वाजवणाऱ्या रिक्षावाल्या दादांना आला होता. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत काही ठेवत नाहीत, शेवटच्या शनिवारीच असतो. डिसेंबरचा मात्र नाताळच्या आधीच्या शनिवारी असतो, क्वायर पूर्ण असते, पायपेटी असते, मेणबत्त्या असतात, त्या दिवशी सहाच्या आधी जा नाहीतर आत जागा मिळत नाही.